सतरावा बिल्ला

३ फेब्रुवारी

जुन्या फायर स्टेशनात सिनेमाचं शूटिंग होणार आहे. स्टेशन नव्या इमारतीत गेल्यापासून तिथे पारव्यांशिवाय कोणी राहत नाही. सिनेमा माझ्या लेकीने लिहिला आहे. सकाळी तिचा फोन आला, की पाइप कसा गुंडाळतात, बूट कसे मांडून ठेवतात हे सांगायला जाणकार माणूस हवा आहे, तर आई तू ये. मी विचारलं, सिनेमा कशावर. सहकुटुंब बघायचा विनोदी सिनेमा, म्हणाली. एक कुत्रा आणि एक फायर स्टेशन.

बघते म्हणाले, फोन ठेवला आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

बावीस वर्षांपूर्वी हे ह्याच स्टेशनातून आगीवर गेले आणि परत आले नाहीत. हे तिथले मुख्य जवान, मी तिथली स्टोअरकीपर. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. ते स्टेशनच्या कुत्र्याला वाचवायला आत गेले, हे सगळ्या गावाला माहीत आहे. वर्तमानपत्रात कुत्र्याचा फोटो ह्यांच्या फोटोपेक्षा मोठा होता. शाळेत मुलं लेकीच्या मागे भुंकायची. आणि आता ह्याच मुलीला त्यातून विनोद सुचला.

होकार कळवला. निदान चुकीचं काही दाखवू देणार नाही.

५ फेब्रुवारी

संहिता वाचून काढली. एकशे चार पानं, पेन्सिलीच्या सदतीस खुणा. गाडी सुटल्यावर कोणी बूट शोधत बसत नाही. एवढी लांब शिडी एकटा माणूस खांद्यावर टाकून नाचत नाही. पाणी सुरू असलेला पाइप एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सँडविच खाता येत नाही.

सिनेमात एक स्टोअरकीपरबाई आहे. जाड भिंगांचा चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडी एकच वाक्य: "लिहून द्या." साबणाची वडी मागितली, लिहून द्या. स्टोअरलाच आग लागली म्हणून बादली मागितली, तरी लिहून द्या. शेवटी कुत्रा सुखरूप दिसतो तेव्हा सगळ्यांच्या आधी हीच बाई रडते, आणि त्याला आपल्या शालीत घेऊन बसते.

लेकीला वाटत असेल, मला कळणार नाही. माझ्या कमरेला किल्ल्या कधीच नव्हत्या, त्या टेबलाच्या खणात असायच्या. आणि मी रडले नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मग हे खोटं कशासाठी? आईची टिंगल करायची तर सरळ करावी.

पान चौऱ्याऐंशी कोरं आहे. त्यावर "प्रसंग नंतर देते" एवढंच लिहिलं आहे. हे धांदरटपण वडिलांचं.

९ फेब्रुवारी

पहिला दिवस. कुत्रा एक नाही, तीन आहेत. एक धावतो, एक शांत बसतो आणि एक कॅमेऱ्यात बघतो. तिघे मिळून एक कुत्रा होतो. दिग्दर्शक डोक्यावरची टोपी काढत नाही. सकाळपासून माझ्याकडून त्याने पाच वेळा "असं नसतं" ऐकलं. दुपारनंतर तो लांबूनच हसायला लागला.

आताचा केंद्रप्रमुख देखरेखीला आला होता. त्याला सगळे पाठीमागे दोनदा म्हणतात, कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतो. आग विझवायची नळकांडी मोजली, लगेच पुन्हा मोजली. गाडीच्या दाराला कुलूप लावलं, चार पावलं गेला, परत येऊन ओढून बघितलं. सिनेमातल्या एका नटाने त्याची हुबेहूब नक्कल केली. लोक पोट धरून हसले. दोनदाही हसला. हे नाव वीस वर्षांपूर्वी मीच पाडलं आहे. मोजता न येणाऱ्या माणसाने केंद्रप्रमुख व्हावं, हे मला अजून पटत नाही.

१४ फेब्रुवारी

आज नटांना फळा समजावून दिला. गाडीच्या दाराशी लोखंडी फळा असतो, त्यावर ओळीने बिल्ले अडकवायचे हूक. धुरात शिरण्याआधी प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा तो काढून घ्यायचा. पाणी प्यायचं ते त्यानंतर. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. फळ्यापाशी एक जण उभा असतो, त्याचं काम फक्त मोजणं.

मग टोपीवाल्याने कुत्र्याच्या बिल्ल्याबद्दल विचारलं. ते लेकीने त्याला सांगितलं असणार. सांगितलं थोडक्यात.

आमच्या स्टेशनात एक पिल्लू आलं होतं. भोंगा वाजला की तेही सूर लावायचं, म्हणून भोंग्या. जवान त्याच्यासाठी ब्लँकेट मागायला आले. मी म्हटलं, स्टोअरमधली वस्तू क्रमांक असलेल्यालाच मिळते, लिहून द्या. दुसऱ्या दिवशी अर्ज हजर: क्रमांक सतरा, नाव भोंग्या, हुद्दा राखणदार. खाली ह्यांची सही. स्टेशनात माणसं सोळा, त्यातले पंधरा हसू दाबत खिडकीशी उभे आणि सोळावे हे माझ्यासमोर गंभीर चेहरा करून. अर्ज नियमात बसत होता. मी ब्लँकेट दिलं आणि रजिस्टरला सतरा नंबरचा बिल्लाही चढवला. तो भोंग्याच्या पट्ट्यात अडकवलेला असायचा.

सगळे हसले. लेक हसली नाही. तिने विचारलं, बाबांचा नंबर कोणता होता? मी म्हटलं, चार. तिने वहीत लिहून घेतलं. हिला वडिलांचा नंबर माहीत नसावा, ह्याचं मला नवल वाटलं. मग आठवलं, की घरात हा विषय मीच बंद केला होता.

१९ फेब्रुवारी

पान चौऱ्याऐंशी मिळालं.

आग विझत आली आहे. सगळे बाहेर आले आहेत. मोजणारा फळ्याकडे बघतो, एक बिल्ला उरला आहे. तो ओरडतो, "एक आत आहे." कॅप्टन मागेपुढे न बघता परत धुरात शिरतो, खोली खोली शोधतो, कपाटात, टेबलाखाली, कोणीही नाही. इकडे कोणी तरी बिल्ला उलटा करून बघतं, तर सतरा नंबर. कुत्रा गाडीत कॅप्टनच्या जागेवर त्याचं हेल्मेट घालून बसला आहे. कॅप्टन काळाठिक्कर होऊन बाहेर येतो आणि ते बघून मटकन खाली बसतो. सगळे हसतात. सगळे जिवंत.

मी पान पालथं घातलं. बिल्ला फळ्यावर राहिला होता हे तिला कोणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. त्या दिवशी फळ्यापाशी दोनच माणसं होती, एक मी आणि एक दोनदा, तेव्हा नुकताच भरती झालेला.

उद्या त्याला जाब विचारणार.

२० फेब्रुवारी

दोनदाच्या खोलीत गेले. खुर्ची देण्याआधी त्याने ती हलवून बघितली. मी सरळ विचारलं, की माझ्या लेकीच्या कानात काय भरवलंस.

तो उठला. मग दार लावून घेतलं. म्हणाला, "बाई, मी कशाला सांगेन? चूक माझी होती."

कसली चूक, मी विचारलं.

तो सांगत गेला ते असं. त्या दिवशी फळ्यापाशी तो होता. गाद्यांचं गोदाम होतं, माणसं दोन्ही बाजूंना पांगलेली, काजळीने तोंडं ओळखू येत नव्हती. त्याने फळ्यावर एक बिल्ला उरलेला बघितला. ह्यांना ओरडून सांगितलं, एक आत आहे. ह्यांनी आपला बिल्ला पुन्हा टांगला आणि आत गेले. मग छप्पर आलं. कोसळलेल्या छपराचा धुरळा बसल्यावर त्याने फळा बघितला, तर त्यावर फक्त चार नंबर. दुसरा बिल्ला नव्हताच.

"म्हणजे मला नसलेला दिसला. नसलेल्या माणसासाठी मी साहेबांना आत पाठवलं. लोक कुत्र्याचं नाव घ्यायला लागले, तेव्हा मला वाटलं, हे सगळे मला सांभाळून घेतायत. मी गप्प बसलो. तेव्हापासून एकदा मोजून माझा विश्वास बसत नाही."

मी म्हटलं, तू नवा होतास, धूर होता. तो म्हणाला, हो, धूर होता.

त्याने चहा सांगितला होता, पण मी थांबले नाही. धुणं बाहेर वाळत होतं.

तो असं काही समजून बसला असेल, हे मला कसं कळणार? त्याने कधी विचारलं नाही. दोनदा हे नाव मी गंमत म्हणून पाडलं होतं.

२१ फेब्रुवारी

ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा नीट लिहून काढते.

त्या दिवशी महिन्याची तपासणी होती. दिलेली प्रत्येक वस्तू जागच्या जागी पाहिजे, हा नियम. सतरा नंबरचा बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात होता. मी तो पट्ट्यातून काढला, गाडीच्या फळ्यावर शेवटच्या हुकाला लावला आणि रजिस्टरमध्ये बरोबरची खूण केली. आकडा एकाच बाजूला असतो. घाईत तो उलटा लागला असणार. दहा मिनिटांनी भोंगा वाजला आणि गाडी गेली.

मी मागून छोट्या गाडीतून हवेच्या जादा टाक्या घेऊन गेले. भोंग्या माझ्याबरोबर आला. मी पोचले तेव्हा हे पुन्हा आत शिरत होते. भोंग्या गाडीतून उडी मारून त्यांच्या मागे गेला. पुढे नाही, मागे. मग छप्पर आलं. मी फळ्याकडे बघितलं, बिल्ला उलटा केला, सतरा. मी तो काढून पर्समध्ये टाकला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. वस्तू माझ्या सहीवर दिलेली होती.

चौकशीत मला एकच प्रश्न होता: कुत्रा आत होता का? मी म्हटलं, होता. ते खरंच आहे. बिल्ल्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी खोटं बोलले नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर वाचून बघितलं. शुद्धलेखनाची चूक नाही.

२४ फेब्रुवारी

आज लेकीला घरी बोलावलं. शूटिंगमुळे तिचा घसा बसला आहे. गरम पाणी दिलं आणि पान चौऱ्याऐंशी पुढे ठेवलं. विचारलं, हे तुला कोणी सांगितलं.

कोणीच नाही, म्हणाली. बाबा गेले त्या वर्षी फ्रॉकचं बटण शोधताना बटणांच्या डब्यात, तळाशी, तिला तो बिल्ला सापडला होता. तिला वाटलं, आईने भोंग्याची आठवण म्हणून जपलाय. कधी विचारलं नाही, कारण आई अशी हळवी आहे हे कळल्याचं आईला आवडलं नसतं.

"आणि फळ्यावर राहतो ते?"

"ते मला सुचलं. विनोद आहे, आई. बिल्ला आहे म्हटल्यावर तो कधी तरी फळ्यावर राहणारच ना?"

मी पान उचलून पालथं घातलं. तेच चुकलं. तिला मी ओळखते, माझ्याकडे एकटक बघत राहिली. हातातला पेला खाली ठेवला.

"बाबा भोंग्यासाठी नव्हते गेले?"

मी म्हटलं, त्यांना कोणी तरी आत आहे असं वाटलं.

"कोणी तरी म्हणजे माणूस?"

मी हो म्हटलं.

तिने टेबलावरच्या रेघेवरून नख फिरवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी अकरा वर्षांची होते. मला वाटायचं, बाबांनी मी आणि भोंग्या ह्यांत भोंग्याला निवडलं. मी तेहतीस वर्षांची झाले, अजून वाटतं. हा सिनेमा मी त्यासाठी लिहिला. म्हटलं, त्या कुत्र्यावर एकदा तरी माझं प्रेम बसू दे."

मी म्हटलं, तू मला विचारायचंस. ती म्हणाली, "विचारलं होतं. तू म्हणालीस, जेव."

चपला घालून गेली. गरम पाणी तसंच राहिलं.

२७ फेब्रुवारी

पान चौऱ्याऐंशीचं शूटिंग. लेकीने तो प्रसंग काढून टाकायला सांगितलं होतं, पण टोपीवाला म्हणाला की सगळ्या सिनेमातला सर्वांत मोठा हशा तिथे आहे. ती आली नाही. मी गेले. दोनदाही होता, धुराची यंत्रं सुरू असली की त्याला हजर राहावं लागतं. त्याला प्रसंग माहीत नव्हता.

नट फळ्यापुढे उभा राहिला आणि ओरडला, "एक आत आहे!" टोपीवाल्याला ते पुरेसं हसवणारं वाटलं नाही. पुन्हा. आवाज फाटला पाहिजे. पुन्हा. डोळे अजून मोठे. आठ वेळा. दर वेळी कॅप्टन धुरात धावला, दर वेळी बिल्ला उलटा केला, दर वेळी तो शांत बसणारा कुत्रा हेल्मेट घालून बसला. आठव्या वेळी सगळे इतके हसले की कॅमेरावाल्याला डोळे पुसावे लागले.

मी दोनदाकडे बघत होते. बिल्ला पहिल्यांदा उलटा केला तेव्हा त्याची मान वर झाली. दुसऱ्यांदा तो पुढे सरकला. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. मग वळून भिंतीपाशी गेला आणि नळकांडी मोजायला लागला. तिथे सहा आहेत. तो मोजतच राहिला.

२८ फेब्रुवारी

डब्यातून बिल्ला काढला, रुमालात बांधला आणि त्याच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवला. आकडा वर करून. जे झालं ते सांगितलं, बसून नाही, उभ्यानेच. पाच मिनिटं लागली. बावीस वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपते.

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने बिल्ला उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

मी म्हटलं, हो.

"माझं लग्न मोडलं, बाई. बायको म्हणायची, गॅस बंद केलाय हे मी सांगितलं तरी उठून बघतोस, मग मी घरात कशाला." त्याने बिल्ला माझ्याकडे सरकवला. "आणि तुम्ही मला नाव ठेवलंत."

मी म्हटलं, मला माफ कर. हे शब्द मी नोकरीत एकदाही वापरले नव्हते. त्याने ते ऐकल्याचं दाखवलं नाही. कोऱ्या कागदाचा गठ्ठा आणि पेन पुढे ठेवलं.

"लिहून द्या," तो म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता.

२ मार्च

तीन दिवस लिहिते आहे. पहिल्या मसुद्यात "अनवधानाने" हा शब्द तीनदा आला होता. काढला. दुसऱ्यात नियमाचा क्रमांक आणि तपासणीची वेळ दिली होती. तेही काढलं. शेवटी स्टोअरच्या पावतीसारखं लिहिलं, मला तेवढंच येतं.

वस्तू: पितळी बिल्ला, क्रमांक सतरा. दिला: कुत्र्याला, माझ्या सहीने. फळ्यावर टांगला: मी. मोजणाऱ्याची मोजणी: बरोबर. मुख्य जवान आत गेले: माणूस आत आहे म्हणून. कुत्रा: त्यांच्या मागून. बिल्ला काढला: मी. कोणाला कळवलं: कोणालाही नाही. परत: आज.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही. तो कोरा ठेवून खाली सही केली.

काल दोनदाला नेऊन दाखवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि सांगितलं, की त्या दिवशीच्या सगळ्यांना एकेक प्रत पाहिजे. जे आता नाहीत त्यांच्या घरी. छापून नको, तुमच्या अक्षरात. बिल्ला त्याने ठेवून घेतला आणि मला त्याची पोच दिली.

लेक फोन उचलत नाही. सिनेमातून आपलं नाव काढायला सांगितलं आहे, असं टोपीवाल्याकडून कळलं. तो माझ्यावर चिडला आहे. त्याचंही बरोबर आहे.

आज दुपारी प्रती पुऱ्या झाल्या. पंधरा जवानांच्या पंधरा. सोळावी ह्यांची, ती लेकीच्या दाराखालून सरकवून येणार आहे. सतरावी माझी, ती बटणांच्या डब्यात, तळाशी जाईल.

बोटं आखडली आहेत. गठ्ठा नीट केला आणि मोजला. सतरा भरल्या. बाहेर पडायला चपला घातल्या, मग परत आत येऊन पुन्हा मोजल्या.